चंद्रिका बघते तेव्हाच माती दबते

जमिनीची उंची मोजणाऱ्या लेव्हल मशीनच्या भिंगाला डोळा लावला की समोर स्टाफवरचे, म्हणजे उभ्या धरलेल्या लांब मोजपट्टीवरचे, आकडे दिसायला हवेत. चंद्रिकाला पहिल्याच दिवशी दिसल्या त्या मिशा... नीट कोरलेल्या, आणि त्यांच्याखाली दाबून धरलेलं हसू.

“अहो, बाजूला व्हा जरा! आकडे दिसू देत!” ती ओरडली.

“स्टाफ धरणारा आज आला न्हाय, मॅडम. आजच्या दिवस मीच धरतो की!” तिकडून आवाज आला.

हा बसवराज, ठेकेदाराचा साइट इंजिनिअर, मूळचा मैंदर्गीचा. चंद्रिका पुण्याच्या एका माती तपासणाऱ्या कंपनीत. घर मात्र सोलापुरातच, यंत्रमागांच्या खडखडाटात. ‘आजच्या दिवस’ म्हणणारा बसवराज दुसऱ्या दिवशीही स्टाफ घेऊन हजर. तिसऱ्याही. स्टाफ धरणारा माणूस शेजारी बसून खुशाल तंबाखू मळत होता. साइटवर सगळ्यांना काय ते कळलं, चंद्रिका सोडून. हुशार मुलींचं हे असंच असतं.

शहराबाहेर एका बुजवलेल्या तळ्यावर मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. खाली मऊ चिकणमाती, वर मुरमाचा ताजा भराव. त्या ओझ्यानं खालची माती दबत होती. ती दबायची थांबली की मगच पाइल, म्हणजे खोल जमिनीत जाणारे काँक्रीटचे खांब, घालायचे. थांबली की नाही हे रोज मोजून चंद्रिकानं सांगायचं. सांगितलं की इथलं काम संपलं. पुढची साइट नाशिकला.

“घातले आत्ताच पाइल, तर एवढं काय बिघडतं हो?” टपरीवर चहा पिताना बसवराजनं उगीच विचारलं.

“तुम्हाला माहीत नाही होय? माती खाली जाताना पाइलला बिलगते. जिनं त्याला धरून ठेवायचं, तीच त्याला खाली ओढते. वर इमारतीचा भार आहेच.”

“म्हंजे आधार द्यायचा सोडून गळ्यात पडते.”

“हो.”

“तशी वाईट न्हाय की मग माती...”

चंद्रिकाचे कान तापले. चहानं म्हणावं, तर चहा केव्हाच गार झाला होता.

आणि माती काही थांबेना! आज दोन मिलिमीटर खाली, उद्या तीन, परवा चक्क एक मिलिमीटर वर. दबलेली माती अशी वर येते का कधी? तिनं मशीन तपासलं, तिपाई तपासली, बेरजा-वजाबाक्या तपासल्या. कुठंच चूक नाही. पुण्याहून सर रोज फोन करायचे, “काय गं, थांबली का?” आणि “नाही सर,” म्हणताना तिला चक्क बरं वाटायचं. हे काय नवीन? वसतिगृह रखडलंय, ठेकेदार बोंब मारतोय, आणि आपल्याला बरं वाटतंय?

मध्येच ती तापानं आजारी पडली. तिच्याऐवजी ऑफिसातली मैत्रीण नाजनीन आली.

“चंदू, तुझी माती तर गप्प पडून आहे,” नाजनीन फोनवर म्हणाली. “केसभरही हलली नाही.”

चंद्रिका बरी होऊन साइटवर गेली. माती तीन मिलिमीटर खाली!

“तू बघतेस तेव्हाच दबते? लाजते की काय तुला?” अजून पुण्याला न परतलेली नाजनीन हसली.

चंद्रिकाला हसू आलं नाही. नाजनीनच्या वेळी स्टाफ नेहमीच्या माणसानं धरला होता. स्टाफ पुढे किंवा मागे जरासा कलला की आकडा वाढतो, जमीन खाली गेल्यासारखी दिसते, आणि भिंगातून ते कळतही नाही. म्हणजे बसवराज मुद्दाम...? ठेकेदाराला मुदतवाढ हवी असेल, बोंब मारणंही नाटकच असेल. मग तो चहा, ते हसणं? तेही त्यासाठीच? तिला रडू फुटलं, आणि रडू का फुटलं तेही कळेना.

सकाळी तिनं नाजनीनला मशीनपाशी उभं केलं आणि आपण बसवराजच्या शेजारी गेली. स्टाफच्या पाठीमागे गोल डबीत एक छोटा बबल, हवेचा बुडबुडा, असतो. तो मधोमध असला की स्टाफ सरळ. बबल अगदी मधोमध होता. आकडाही बरोब्बर आला. आता मात्र तिचं डोकं पार चक्रावलं.

“तू इकडे ये गं,” तिनं नाजनीनला हाक मारली आणि स्वतः मशीनकडे गेली. भिंगाला डोळा लावते न लावते, तोच नाजनीनचं खिदळणं ऐकू आलं.

“अगं बाई, बबल पळाला! हा मान पुढे काढून तुझ्याकडे बघतोय, आणि स्टाफ येतोय मानेबरोबर!”

बसवराज स्टाफ टाकून धावतच आला. “मुद्दाम न्हाय मॅडम, आईशप्पथ! मला बी आत्ताच कळलं. मालकाला मीच सांगतो, चूक माझी. काढलं कामावरनं तर काढू दे.”

“आणि कारण काय सांगाल?”

“हाय तेच. तुमी आवडता मला. लई आवडता. सांगायचं धाडस हुईना, म्हणून नुसतं बघत ऱ्हायलो...”

“ते राहू दे,” नाजनीन मध्येच म्हणाली. “चंदू, आकडा घेताना स्टाफ पुढे-मागे झुलवायला लावायचा आणि सगळ्यात कमी आकडा लिहायचा, हे आपल्याला कॉलेजात पहिल्यांदा शिकवलं. माझ्यावर तर त्यावरून ओरडतेस. याला कधीच कसं सांगितलं नाहीस?”

आता कुठं चंद्रिकाच्या लक्षात आलं. स्टाफ झुलवायचा तर त्याच्या नेमकं मागे उभं राहावं लागतं... आणि धरणाऱ्याचा चेहरा झाकला जातो. म्हणून नव्हतं सांगितलं! इतक्या दिवसांचा गुंता एका क्षणात सुटला आणि तिला दरदरून घाम फुटला.

तिनं तिथंच फोन लावला. “सर, माती थांबलीय. बहुतेक केव्हाच. आकडे चुकले होते.”

“चुकले? कुणामुळे?”

बसवराज मान खाली घालून उभा होता.

“दोघांमुळे, सर.”

“दोघं कोण?”

“मी आणि बसवराज.”

सर पुष्कळ बोलले. सगळी मोजणी नाजनीनकडून नव्यानं होईल, आणि चंद्रिकानं सोमवारी नाशिकला हजर व्हायचं. ती सगळ्याला “हो सर” म्हणाली.

“नाशिक लई लांब हाय की,” बसवराज हळूच म्हणाला.

“त्याच्या आधी आमच्या घरी ये. रविवारी.” ‘तुम्ही’चं ‘तू’ कसं झालं, तिलाच समजलं नाही. “पण आईला काय सांगू मी?”

“सरांना सांगितलं तेच सांग की.”

“मी आणि बसवराज,” चंद्रिकानं म्हणून पाहिलं. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.