प्रतिपक्षाची दहा पानं

ग्रंथालयाच्या जिन्यावर वारा सुटला आणि त्याच्या हातातली पानं उडून थेट तिच्या पायाशी पडली. तो संस्कृतचा अभ्यासक. एका जुन्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर सोपं भाष्य लिहीत होता. ती टायपिस्ट. पानं गोळा करता करता ती म्हणाली, हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग? त्याच आठवड्यात त्याने तिला कामावर बोलावलं.

रोज दुपारी तो खिडकीशी उभा राहून सांगायचा, ती टायप करायची. त्याचं वय जेमतेम तिशीचं, पण ती त्याला शास्त्रीबुवा म्हणायची. तिच्या बोटांकडे बघता बघता त्याचं वाक्य अर्ध्यातच विरून जाई... तिने ‘पुढे?’ म्हटलं की त्याचे कान लाल होत.

मग तिला दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तिने त्याला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर फक्त त्याच्या अक्षरातली दहा पानं होती. ‘लळा हेच दुःखाचं मूळ. जाणाऱ्याला अडवू नये. शहाण्याने एकटंच राहावं.’

तिने एकही चूक न करता ती टायप केली. घरी मावशीला म्हणाली, मिळालं उत्तर. मावशी म्हणाली, कागदाला तोंड नसतं बाई, माणसाला विचार.

शनिवारी होकाराचं पाकीट पिशवीत घालूनच ती आली.

“छान लिहिलंय. पटलं मला. जाते मी.”

“काय पटलं?”

“हेच. एकटं राहावं ते.”

“अहो, ते माझं मत नाही. प्रतिपक्षाचं आहे.”

मग अडखळत त्याने सांगितलं, भाष्याची रीतच अशी, की आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, आपलं उत्तर त्यानंतर.

“मग उत्तर कुठाय?”

त्याने केराच्या टोपलीकडे बोट दाखवलं. ती कागदाच्या बोळ्यांनी शिगोशीग भरली होती.

तिने यंत्रात कोरा कागद चढवला. “सांगा.”

“जाणाऱ्याला अडवू नये, हे खरं. पण तिलाच थांबावंसं वाटत असेल, तर—”

“पुढे?”

कान लाल झाले. “तर तिने थांबावं. माझ्याजवळ... कायमचं.”

खोलीत नुसता यंत्राचा आवाज. शेवटचं अक्षर उमटलं.

“प्रतिपक्षाचं यावर काही म्हणणं?” त्याने हळूच विचारलं.

तिने पिशवीतलं पाकीट काढलं आणि त्याच्या उघड्या ग्रंथात घातलं.

“खूण म्हणून राहू द्या, शास्त्रीबुवा. उद्या इथून पुढे.”