सहदेवदादा अजून आत आहेत

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण ही गोष्ट माझ्या धाकट्या जावेची, रुचिराची आहे, आणि खोटं बोलणं तिला कधीच जमलेलं नाही. भाजी खारट झाली तरी आधी तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

रात्रबित्र नव्हती. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, रविवार. मुलुंड पूर्वेचं त्यांचं घर. भर दुपार, खिडकीच्या ग्रिलवर कावळ्यांची ही झुंबड.

रात्रीच्या भुताला निदान काळोख तरी लागतो. दुपारच्याला तोही लागत नाही.

रुचिरा अंधेरीच्या एका रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे तळघरातल्या कुलूपबंद खोलीतला एक काळा डबा. कुठल्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे, कोणाला दिलं, सगळं त्याच्या पोटात. तिथे जावं लागत नाही. मुलुंडच्या जेवणाच्या टेबलावर बसून नाव-पासवर्ड टाकला की ही आत.

हे सगळं तिला शिकवलं ते सहदेवदादांनी. बोरिवलीचे, तिच्या आधीपासून तेच मशीन सांभाळणारे. ना बायको, ना पोर. माऊस धरता न येणाऱ्या चाळिशीच्या बाईला त्यांनी फोनवरून तासन्‌तास शिकवलं. "घाबरतेस काय गं, मशीन चावत नाही," असं म्हणायचे.

श्रावणात दादा गेले. झोपेतच.

त्या मशीनवर दोनच माणसांची नावं होती. एक दादांचं, एक तिचं.

त्या दुपारी तिच्या साहेबांचा, सर्वेशचा फोन आला.

"रुचिरा, उद्या ऑडिट आहे यार. मेलेल्या माणसाचं अकाउंट चालू दिसलं तर वाट लागली आपली. आज उडव ना."

"आज अमावास्या आहे हो. उद्या सकाळी पहिलं ते करते."

"सर्व्हरला कसली अमावास्या गं? उडव आणि मेसेज टाक."

सासूबाई, म्हणजे आमच्या वनमालाबाई, पानं वाढत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आज कोणाक भायर काढूचा नसता गो. आज ते जेवूक येतत."

"आई, नुसतं नाव पुसायचंय."

"नावच तर ऱवता मागे," म्हणत त्या खीर वाढायला वळल्या.

रुचिराने लॅपटॉप उघडला. दादांचं अकाउंट काढायची आज्ञा दिली.

मशीनने नकार दिला.

कारण दिलं होतं... हा माणूस सध्या आत आहे. काम करतो आहे.

तिला वाटलं, चुकलं आपलं काहीतरी. पुन्हा दिली आज्ञा.

पुन्हा तेच.

मग तिने आत कोण कोण आहे ते विचारलं. दोन ओळी आल्या. पहिली तिचीच, मुलुंडहून. दुसरी...

सहदेव.

आणि तो बाहेरून आलेला नव्हता. सर्व्हरलाच जोडलेल्या कीबोर्डवर बसलेला होता. त्या कुलूपबंद खोलीत.

चोर असू दे, देवा. चोरच असू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिने चोरासाठी हात जोडले.

तिने रक्तपेढीच्या वॉचमनला, अंबादासला फोन लावला.

"अंबादास, तळघरात कोण गेलंय?"

"कोन जाणार मॅडम? चावी माझ्या गळ्यात हाय."

"उघडून बघ जरा. फोन चालूच ठेव."

जिन्यावरची पावलं ऐकू आली. मग कुलूप. मग दाराची करकर.

"कोन नाय मॅडम."

"कीबोर्डवर कोणी बसलंय का?"

"कीबोर्डच नाय ना! श्रावणात रंगकामाला काढून ठेवला, तो अजून वर माझ्याच टेबलाखाली पडलाय."

रुचिराने ती ओळ पुन्हा वाचली. दादा कधी आत आले तेही मशीन दाखवतं. तारीख श्रावणातली होती. दादा गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातली.

तिला हायसं वाटलं. म्हणजे जिवंतपणीच कधीतरी जाऊन बसले असतील आणि बाहेर पडायचं विसरले असतील. उघड्या राहिलेल्या नळासारखं. बस्स, एवढंच.

"अंबादास, सहदेवसाहेब श्रावणात आले होते ना रे तिकडे?"

"छ्या! दोन वर्सं झाली, सायब हितं फिरकले नाय. घरूनच करायचे की सगळं."

त्याच ओळीत आणखी एक गोष्ट दिसते. शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला.

वेळ झालाच नव्हता... बटण आत्ता दाबलं जात होतं.

आणि मग तिला फोनमधून ऐकू आलं.

टक...

टक...

टक.

एका बोटाने टाइप करणारं माणूस. अक्षर शोधत, थांबत. सहदेवदादा असंच करायचे. ती त्यांना चिडवायचीही, कोंबडी दाणे टिपते म्हणून.

"अंबादास, तो आवाज ऐकतोस ना?"

"पंख्याचाच आवाज हाय मॅडम. दुसरं काय नाय."

टक... टक...

पुढे काय केलं ते ती आजही मान खाली घालून सांगते. म्हणते, ताई, मी घाबरले गं. दादांना विचारलंही नाही काय हवंय म्हणून.

तिने जबरदस्तीने त्यांना बाहेर काढायची आज्ञा दिली. लगेच अकाउंट पुसलं.

या वेळी मशीनने ऐकलं.

टकटक मधेच तुटली.

आणि खिडकीतले कावळे... सगळे एकदम गप्प झाले. उडाल्याचा आवाजही नाही. ग्रिल रिकामं.

"काय केलंस गो?" वनमालाबाई पान हातात घेऊन तिथेच उभ्या. "तेचा कोण नाय ना मागे? थांब, एक पान तेच्या नावान ठेवतंय."

रुचिराला रडू फुटलं. जगात एकच माणूस तिला कधी मूर्ख म्हणाला नव्हता, आणि त्यालाच तिने घासही न घालता हाकललं होतं.

डोळे पुसून तिने शेवटची खात्री करायला पुन्हा विचारलं, आत कोण आहे?

एकच ओळ यायला हवी होती. तिची.

दोन आल्या.

पहिली, रुचिरा, मुलुंडहून.

दुसरी... रुचिरा. त्या खोलीतून.

फोन अजून चालूच होता. त्यातून आवाज आला. पण आता एका बोटाचा नव्हे. दहाही बोटांचा, भराभर, मधेच अंगठा आपटणारा. तिच्याच हाताचा.

तिने दोन्ही हात टेबलावरून उचलले. वर धरले.

आवाज चालूच होता.

"मॅडम?" अंबादास कुजबुजला. आता त्यालाही ऐकू येत होतं. "तुमी हितं आलाय का? कोनतरी तुमच्याच आवाजात खोकलं..."

ऑडिट पार पडलं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. तिने सांगितलं तेव्हा सर्वेश म्हणाला, सिस्टिमचा घोळ असेल, तू तुझं अकाउंट काढ आणि नवीन बनव.

रुचिरा काढत नाही.

एका संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा चहा निवला तरी हातात धरून बसली होती. म्हणाली, "दादांचं नाव त्या खोलीतल्या ओळीत आधी चढलं, ताई. ते गेले नंतर."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? दादांना साखर होती, बीपी होतं."

"हो ना," ती म्हणाली. "मीही तेच सांगते स्वतःला."

मग तिने मला न काढण्याचं खरं कारण सांगितलं. कामाला जोडीला म्हणून सर्वेशने घाटकोपरची दर्शना घेतली आहे. नवऱ्याविना दोन लेकरं वाढवते बिचारी. सर्वेश रोज मागे लागतो, दर्शनाचं अकाउंट उघड, तिला काम शिकव. रुचिरा आज-उद्या करत टाळते. भांडण झालं, बोलणी खाल्ली, नोकरी जायची वेळ आली आहे. तरी नाही.

"दादांना काढलं तर मी चढले. मला काढलं तर तिथे कोण चढेल? दुसरं नावच असू देणार नाही मी त्या मशीनवर."

रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी ती एकदा आत बघते.

कालही बघितलं. आजही बघितलं.

रुचिरा अजून आत आहे. टाइप करते आहे.

काय टाइप करते आहे, ते बघायचं धाडस तिला अजून झालेलं नाही. मी हल्ली तिला रोज सकाळी फोन करते. तिने उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.