रंगरावांची पोच

दापोडीच्या आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला चाळीस माणसं असतात. त्यातली तीस चहाला थांबतात आणि तुरुंगातल्या कैद्यांना पत्रं लिहायला उरतात पाच. मी कुसुम, चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेली, म्हणून आवक-जावक वही माझ्याकडे. नियमही माझेच. पत्ता विहाराचा द्यायचा, गुन्हा विचारायचा नाही, घरातल्या माणसांबद्दल लिहायचं नाही. धम्माचे चार शब्द झाले की शेवटी घरातली एक साधी गोष्ट लिहायची. कैद्यांना तीच जास्त गोड लागते, हे मी उत्तरांवरून ताडलं होतं. आणि माझा लाडका नियम: आलेल्या पत्राला आठवड्याच्या आत उत्तर.

त्या पाचांतल्या सरूबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगत, मी लिहीत असे. त्यांचा कैदी रंगराव, लांबच्या एका तुरुंगातला.

पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "लिवा, आमच्या खोलीमागून मालगाडी गेली की मांडणीतली ताटं वाजत्यात."

उत्तर आलं, तुरुंगाच्या तपासणीचा शिक्का वगैरे सगळं व्यवस्थित. 'गाडी मिळाली. इथं जवळपास रूळ नाहीत, तरी ताटं वाजतात. आभारी आहे.'

"कवी दिसतोय मेला," मी म्हणाले.

सरूबाई हसल्या नाहीत. "कुसुमताई, आमची ताटं आठ दिस झालं गप हायेत. गाडी जाती, भिंतबी हालती. ताटं न्हाई वाजत."

"मांडणी घट्ट बसली असेल, बाई."

दुसऱ्या पत्रात त्यांनी सुकट भाजल्याचा वास सांगितला. पोच आली: 'वास मिळाला. सगळी बराक भुकेली झाली.'

मी शहानिशा करायला त्यांच्या खोलीवर गेले. तव्यावर सुकट तडतडत होती. धुरानं डोळे चुरचुरले. वास नव्हता. चिमूटभर सुकट नाकाशी धरली, मग टोपलीतला कांदा हुंगून पाहिला. कांद्याचा वास आला. म्हणजे माझं नाक शाबूत होतं.

तेवढ्यात खालून हाक आली, "आई, दार उघड गं!" आम्रपाली, सरूबाईंची एकुलती लेक, चाकणची फर्स्ट शिफ्ट करून आली होती. तीन मजले चढायच्या आधीच हाक मारते. पोरीला दम म्हणून नाही.

"हिच्याबिगर मला हाय कोन?" दार उघडता उघडता सरूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या पत्रात रंगरावांनी विचारलं, 'घरात कोण आहे?'

"आता बास," सरूबाई म्हणाल्या. "फाडून टाका त्ये. माझ्या घरातलं आता त्याला काय बी द्यायचं न्हाई."

मी हो म्हणाले. पण वहीत जावकचा रकाना कोरा राहिला. सहा दिवस तो मला खुपत होता. तीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या बाईला कोरा रकाना बघवत नाही. शनिवारी मी एकटीनंच उत्तर लिहिलं. माणसाबद्दल लिहिलं नाही, नियम म्हणजे नियम. फक्त जिन्यातली हाक लिहिली, शब्दाला शब्द. लेकीचं नाव टाळलं म्हणून स्वतःला शाबासकीही दिली.

पुढच्या रविवारी सरूबाई म्हणाल्या, "पोरीचा घसा बसलाय. आवाजच फुटंना. डाक्टर म्हनतो, घसा साफ हाय. आता दारावर थाप मारती बिचारी."

मी त्यांना काही सांगितलं नाही. घरी जाऊन दुसरं पत्र लिहिलं: हाक चुकून आली आहे, परत पाठवा. सोमवारी सकाळी ते स्पीड पोस्टानं गेलं.

उत्तर पुढच्या गुरुवारी दुपारी विहारात आलं.

'हाक परत पाठवता येत नाही. रोज संध्याकाळी पाचला ती बराकीबाहेर येते आणि दार उघड म्हणते. आमची दारं आतून उघडत नाहीत. पण गुरुवारी उघडून देतो, असं शिपाई म्हणाला आहे.'

वाचून मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

मी जिन्याशी पोचले तेव्हा आम्रपाली माझ्यापुढे चढत होती. पाठीवर कंपनीची बॅग.

"पोरी, थांब! वर जाऊ नकोस!"

तिनं वळून हात हलवला. हसली. वळणावर दिसेनाशी झाली.

जिना एकच आहे.

वर सरूबाई दार उघडून उभ्या होत्या. "थाप पडली म्हनून उघडलं. कुठं गेली ही?"

उंबऱ्याबाहेर तिचे सेफ्टी शूज होते, टोकं दाराकडे. नाड्यांच्या गाठी तशाच बांधलेल्या.

मी खाली बसून एका बुटात हात घातला. आत अजून ऊब होती.