कालव्यावरची पाळी

ही हकिकत घडलेली आहे. ज्यांच्यावर ती ओढवली ते माझे सख्खे साडू असून आजही आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. खोटे बोलणे त्यांच्या अंगी नाही. असते, तर पंधरा वर्षांच्या संसारात माझ्या मेहुणीने ते एकदा तरी पकडले असते.

वेळ रात्रीची नव्हती. हे मुद्दाम नमूद करतो, कारण ऐकणारा प्रत्येकजण प्रथम तेच विचारतो.

रविवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. आभाळ भरलेले, तरी उजेड लख्ख होता.

आणि जागा म्हणजे धरणाकडून शहराकडे येणारा कालव्याचा रस्ता. बारा किलोमीटर, एकाही वळणाशिवाय. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कमरेएवढे गवत. मध्ये एकसुद्धा घर नाही.

साडूभाऊ लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतात. वय सेहेचाळीस. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले म्हणून त्यांनी सायकल घेतली, आणि सायकल घेतली म्हणून एका गटात जाऊ लागले. त्या गटाचे ध्येय एकच होते. वर्षाअखेर होणारी तीनशे किलोमीटरची फेरी, वीस तासांच्या आत.

"तीनशे किलोमीटर?" मेहुणी म्हणाली होती. "नाक्यावरून दूध आणायला तुम्हाला स्कूटर लागते."

"माणूस बदलतो."

"बदलतो ना. पँट बदलतो. या महिन्यात दुसऱ्यांदा शिवून दिलीये मी."

थट्टा चालायची, परंतु घरात त्या गोष्टीला फार मान होता. धाकट्या मुलीने तर वर्गात सर्वांना सांगून ठेवले होते की आमचे बाबा तीनशे किलोमीटर जाणार. साडूभाऊंच्या आयुष्यात असे सांगण्याजोगे प्रथमच काही घडत होते. म्हणून त्यांना ती फेरी हवी होती. मनापासून हवी होती.

गटात चौघे. निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत. दातांच्या डॉक्टरबाई. एक बेकरीवाला. आणि आठ महिन्यांपूर्वी आलेले साडूभाऊ.

हे लोक कसे चालवतात ते सांगणे आवश्यक आहे. चौघे एकामागे एक, चाकाला चाक लावून. पुढचा वारा फोडतो. मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो व निम्म्या कष्टात चालवता येते. एक किलोमीटर झाला की पुढच्याने उजवे कोपर हलवायचे. म्हणजे, माझी पाळी संपली, आता तू ये. मग तो बाजूला होऊन मागे मागे सरकत शेवटी जाऊन लागतो.

यात सरांचा नियम कडक होता.

"आडोसा फुकट नसतो. घेतला की पाळी द्यायची."

"सर, तुमच्यामागे कसला आडोसा?" बेकरीवाला म्हणायचा. "तुम्ही म्हणजे काठी. माझ्यामागे या, अख्खी भिंत आहे."

तो रविवार सरावाचा अखेरचा होता. फेरीत चौघे एकत्र पोचले तरच नोंद होणार होती. साडूभाऊ मागे पडतात हे उघड होते, आणि बेकरीवाल्याचा पुतण्या त्यांच्या जागी यायला एका पायावर तयार होता. म्हणून परतीच्या वाटेवर सरांनी एक अट घातली.

"आज कोणी कोणासाठी थांबणार नाही. साडेअकराला टायरच्या दुकानापाशी जो माझ्याबरोबर असेल, तो संघात."

डॉक्टरबाईंनी सरांकडे चमकून पाहिले.

"सर, या रस्त्यावर नको."

"रस्त्याचं काय?" सर म्हणाले.

कालव्याच्या रस्त्याला लागताच साडूभाऊंची चेन उतरली.

ते खाली उतरले. चेन बसवण्यात चार मिनिटे गेली. हात काळे झाले. मान वर करून पाहतात तो समोर तिघांचे तीन ठिपके.

मग तेही दिसेनासे झाले.

वारा समोरून होता. नुसता वारा नव्हे, छातीला हात लावून कोणी मागे ढकलावे तसा. साडूभाऊ वाकले, दात-ओठ खाऊन पायडल मारू लागले. वेग चौदाच्या वर जाईना. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. सोमवारी ती वर्गात काय सांगेल, एवढाच विचार डोक्यात होता.

दोन किलोमीटर असेच गेले.

आणि मग…

वारा थांबला.

प्रथम त्यांना बरे वाटले. श्वास मोकळा झाला. वेग वाढला. वीस… पंचवीस… तीस. त्यांनी सहज बाजूला पाहिले.

गवत अजूनही आडवे झालेले होते.

कालव्याच्या पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या पळत होत्या. काठावरच्या खांबाला अडकलेली फाटकी पिशवी फडफडत होती.

वारा होता. फक्त त्यांच्यापर्यंत येत नव्हता.

मधूनच समोरून, हाताच्या अंतरावरून, बारीक टिकटिक ऐकू येई. पायडल मारणे थांबवले की मागच्या चाकातून येते, ती. साडूभाऊंनी स्वतःचे पाय पाहिले. त्यांचे पाय चालू होते.

समोर रस्ता मोकळा होता.

पुढे एके ठिकाणी कालवा पाझरून डबके साचले होते. साडूभाऊ डबक्याजवळ आले… आणि गढूळ पाण्याचा फवारा त्यांच्या तोंडावर उडाला.

त्यांचे पुढचे चाक अजून कोरड्या रस्त्यावर होते.

त्यानंतर डाव्या गालाला वाऱ्याचा एक पट्टा लागला. मग सगळा वारा एकदम तोंडावर आला. आणि उजव्या बाजूने टिकटिक… टिकटिक… हळूहळू मागे सरकत त्यांच्या पाठीशी जाऊन थांबली.

या ठिकाणी तुम्ही-आम्ही काय केले असते? ब्रेक दाबला असता. सायकल टाकून पळालो असतो. परंतु आठ महिने सरांच्या हाताखाली काढलेल्या माणसाचे अंग वेगळेच वळण घेते. पुढचा बाजूला झाला, म्हणजे आता आपण पुढे.

साडूभाऊंनी पाळी दिली.

पूर्ण एक किलोमीटर त्यांनी वारा फोडला. ऊर फुटेस्तोवर. मागे कोण आहे हे वळून पाहिले नाही. आणि किलोमीटर संपताच…

त्यांनी उजवे कोपर हलवले.

"सवयीने हो," ते मला म्हणाले. "नुसत्या सवयीने. हात आपोआप हलला."

आणि मागे जे होते ते पुढे आले. वारा पुन्हा थांबला.

कालवा संपेपर्यंत असे चालले होते. एकदा त्याने, एकदा यांनी. साडूभाऊंनी ठरवले असते तर ते थांबू शकले असते. ते त्यांनी माझ्याजवळ कबूल केले आहे. पण समोर तीन ठिपके दिसू लागले होते. ठिपक्यांची माणसे होऊ लागली होती. संघात जागा मिळणार होती. तो आडोसा कोणाचा हे विचारायला त्यांना त्या क्षणी सवड नव्हती.

अखेरीस त्यांनी तिघांना गाठले, आणि त्याच क्षणी ती टिकटिक उजव्या बाजूने सरकत पुन्हा त्यांच्या पाठीशी गेली. बेकरीवाला सर्वांत मागे होता.

"अहो साडू," तो म्हणाला, "मोटरबिटर बसवलीत काय सायकलला?" आम्हा दोघांचे एकमेकांना हाक मारणे एकदा ऐकल्यापासून तोही त्यांना साडूच म्हणे.

साडूभाऊंना हसायचे होते. दम नव्हता.

मग सरांची पाळी संपली. सर बाजूला झाले, मागे सरकत आले. आता ते साडूभाऊंच्या चाकाला लागणार.

ते लागले नाहीत.

एका सायकलीएवढी जागा सोडून सर मागे राहिले. पुढे डॉक्टरबाईंची पाळी संपली, त्या सरांच्या मागे जाऊन लागल्या. रांग नीट चालली होती. फक्त साडूभाऊ आणि सर यांच्यामध्ये ती जागा तशीच होती. कोणी भरली नाही.

टायरच्या दुकानापाशी पोचले तेव्हा साडेअकराला सात मिनिटे होती.

सरांनी साडूभाऊंना एका बाजूला घेतले.

"एकटा आलास?"

"नाही," साडूभाऊ म्हणाले. त्यांना खोटे सुचले नाही.

सर रस्त्याकडे वळले. मग त्यांनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी गटात एक चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. अशाच सरावात, त्याच रस्त्यावर, त्याच्या पोटरीत गोळा आला. तो मागे पडला. सर म्हणाले, थांबायचे नाही, त्याचा तो येईल. संध्याकाळी तो कालव्यात सापडला. सायकलसकट. पाय पायडलच्या पट्ट्यात अडकलेले होते.

"त्यानंतर मी कोणाला मागे सोडलं नव्हतं," सर म्हणाले. "आज पहिल्यांदा."

"सर, त्याने मला काही केलं नाही. उलट आणून सोडलं."

"त्याने आयुष्यात कधी पाळी चुकवली नाही. आणि दुसऱ्याला चुकवू दिली नाही." सरांनी विचारले, "आम्हाला गाठलंस तेव्हा पुढे कोण होतं?"

"तो."

"मग आता पाळी तुझी आहे."

साडूभाऊ घरी आले. मुलीने गळ्याला मिठी मारली. मेहुणीने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. संघात जागा मिळाली होती.

बुधवारी ते एका जुन्या इमारतीत कामावर होते. लिफ्टच्या खोल विहिरीत, पाळण्याच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या, टपावर उभे राहून वरची तार तपासत होते. त्या विहिरीत खालून वर सतत वारा येतो, कामगारांच्या ते अंगवळणी पडलेले असते.

तो वारा थांबला.

टपाखालून आवाज आला… टिक… टिक…

त्या रात्री सरांनी फोन केला. "नाव काढून घेऊ का तुझं?"

"नको," साडूभाऊ म्हणाले. "आज तो कामावर आला होता. मी गेलो नाही, तर उद्या कुठे येईल? घरात लेकरं आहेत माझी. त्याची पाळी रस्त्यावरच देतो."

फेरीच्या दिवसाचे मला डॉक्टरबाईंनी सांगितले. पहिल्या किलोमीटरला साडूभाऊ पुढे झाले. एक किलोमीटर संपला. दोन झाले. दहा झाले. त्यांचे कोपर हलले नाही. हलवले की तो पुढे येणार, आणि तो पुढे आला की पुन्हा यांची पाळी. हे त्यांना कळून चुकले होते. सर ओरडले, "पुरे, मागे ये." त्यांनी मान हलवली नाही. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून तो माणूस तीनशे किलोमीटर वारा फोडत राहिला. ते थांबले तेव्हाच इतर थांबले, ते निघाले तेव्हाच निघाले. त्यांच्यामागे एका सायकलीएवढी जागा, आणि त्या जागेमागे ते तिघे. सतरा तासांत चौघेही पोचले.

मुलीने ते पदक शाळेत नेले.

साडूभाऊंनी सायकल माळ्यावर टाकली. आम्हाला वाटले, संपले.

मागच्या महिन्यात सासूबाईंची औषधे आणायला आम्ही दोघे चालत निघालो. संध्याकाळचे सहा वाजले असतील. पदपथ अरुंद, म्हणून ते पुढे आणि मी मागे. वारा खूप सुटला होता. दुकानांचे फलक खडखडत होते. समोरून येणाऱ्या एका बाईंनी पदर दातांत धरला होता.

साडूभाऊंचा सदरा फुग्यासारखा फुगला होता. ते पुढे वाकून चालत होते. पदकाच्या वेळी होते त्याच्या निम्मे राहिले आहेत. मी काही बोलायला म्हणून जरा जवळ गेलो…

आणि माझ्या लक्षात आले की माझा सदरा हलत नाही.

मी दोन पावले मागे राहिलो. सदरा फडफडू लागला.

साडूभाऊ थांबले. वळले नाहीत. तसेच पाठमोरे उभे राहून, अगदी हळू आवाजात, पाणी मागावे तसे म्हणाले,

"साडूभाऊ, तुम्ही जरा पुढे चालता का? त्या चौकापर्यंतच. मी थकलोय हो."

ते चौकापर्यंतचे अंतर साठ-सत्तर पावले असेल. पंधरा वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलेले नाही. माझ्या आजारपणात तीन रात्री तो माझ्या उशाशी बसून होता.

मी म्हणालो, "नको, तुम्हीच चला. माझा गुडघा दुखतोय."

ते पुन्हा पुढे वाकले.

"बरोबर आहे," म्हणाले. आणि चालू लागले.

औषधाच्या दुकानापर्यंत मी त्यांच्या मागून गेलो. मध्ये एका माणसाएवढी जागा सोडून.