कुंपणापलीकडचा वाफा

बोलोतशी माझी पहिली भेट शेणावरून झाली. उगाच गुलाबबिलाब घुसडणार नाही.

मे महिना. सायबेरियातल्या आमच्या लेना नदीवरचा बर्फ अजून पुरता फुटला नव्हता. मार्चमध्ये बाबा गेले आणि शहरातल्या औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून मी गावी आले. घरामागे गोठलेल्या शेणाच्या लाद्यांची माझ्या उंचीची रास. शेजारच्या अंगणात एक जण ट्रॅक्टर पुसत होता.

"अहो, ही घाण उचलून न्या इथून!"

त्यानं टोपी मागे सारली. माझ्याकडे पाहिलं, राशीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे... "सगळी?"

"नाही, अर्धी ठेवा. उशाला घेते."

तो हसला नाही. ओठाचा एक कोपरा तेवढा हलला. "नेतो," म्हणाला, आणि पाच खेपांत अंगण मोकळं केलं.

आत्याचं म्हणणं, घर विकून टाक. गिऱ्हाईकही तिनंच शोधलेलं. "एकटी बाई तू, उणे पन्नासात लाकडं कोण फोडणार तुझी?" मी म्हटलं, एक उन्हाळा दे. इथं एक काकडी जरी धरली तरी मी राहणार. रोपं मेली तर विक्रीच्या कागदावर सही करीन. आत्या लगेच कबूल झाली. तिला माझी लायकी माहीत होती.

खिडकीत दह्याच्या डब्यांत रोपं वाढवली. दोन लंगडी निघाली, ती कुंपणापलीकडे भिरकावली. मग खणायला घेतलं. गुडघाभर गेले आणि फावडं खणकन वाजलं. खाली बर्फ. दगडासारखा, निळसर.

"विहीर खणताय?" कुंपणावरून आवाज आला.

"काकड्या लावतेय."

"बर्फात?"

"जमिनीत!"

"आपल्याकडे दोन्ही एकच." त्यानं कुंपणावर कोपरं टेकली. "इथं खाली जायचं नसतं... वर चढवायचं असतं."

"मी विचारलं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. नाकाला चिखल लागलाय तुमच्या."

"असू दे."

"असू दे," तोही म्हणाला. "शोभतोय."

घरात जाऊन मी आरशात पाहिलं. चिखल बराच वेळ पुसला नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर तो येत राहिला. कधी दूध घेऊन, कधी माझ्या फावड्याला नवा दांडा बसवायला. दर वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मी वसकन अंगावर जायचे. शिकवायला येणारे पुरुष मी आयुष्यभर पाहिले होते. हा मात्र गप्प बसायचा, चहा प्यायचा, जायचा. गेल्यावर घर मोठं वाटायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

आठ जूनला दहिवर गोठलं. सकाळी पाहते तर सगळी रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी. आत्याला फोन केला. दुपारच्या होडीनं कागद घेऊन येते म्हणाली. आवाजात साखर होती.

ट्रंक धक्क्यावर न्यायला ट्रॅक्टर हवा होता, म्हणून मी प्रथमच बोलोतच्या घरामागे गेले... आणि थबकले. गुडघ्याएवढ्या उंचीचा लांबलचक वाफा, वर प्लास्टिक, आणि त्या गारठ्यात कडेनं मंद वाफ निघत होती.

"हे काय?"

"तुमच्या बाबांचं शेण," बोलोत म्हणाला. "आतून तापतं. ते दर हिवाळ्यात थापून ठेवायचे, याच्यासाठीच."

माझं डोकं फिरलं. "आणि महिनाभर तोंड शिवलं होतं तुमचं?"

"सांगायला यायचो. तुम्ही ऐकून घेत नव्हता..." त्यानं मान खाली घातली. "नाही. खोटं कशाला बोलू? सांगितलं असतं तर लाद्या परत नेल्या असत्यात. मग मला यायला काय कारण उरलं असतं?"

"तुमच्या कारणापायी माझं घर चाललंय! आज सही आहे!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. सहीचं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं प्लास्टिक उचललं. अर्धा वाफा रिकामा. उरलेल्या अर्ध्यात त्याची रोपं, आणि टोकाला दोन लंगडी, माझीच. एकावर पिवळं फूल, फुलामागे करंगळीएवढी काटेरी काकडी.

"रिकामा अर्धा तुझा आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू राहशील की नाही... ते विचारायची हिंमत नव्हती."

तो 'तू' माझ्या कानात शिरला आणि तिथंच बसला. मी काकडीकडे बघत राहिले.

"जागा माझ्या कुंपणाच्या आत हवी," शेवटी मी म्हणाले. "बाहेरची काकडी आत्या मोजायची नाही."

"वाफा आता हलवता येणार नाही. मुळं तुटतील."

"मग पहार आण."

"कशाला?"

"कुंपण तर हलेल ना?"

दुपारपर्यंत आम्ही फळ्या उपटत होतो. मधेच एका खिळ्याशी त्याचा हात माझ्या हातावर आला. त्यानं काढला नाही. मीही नाही.

आत्या आली. तिनं काकडी पाहिली, फळ्यांचा ढीग पाहिला, बोलोतचे लाल कान पाहिले. कागद पिशवीतच राहिले.

"असं आहे होय! लाकडं फोडायला माणूस मिळाला म्हणायचा."

"लाकडं मीच फोडणार, आत्या," मी म्हटलं. "हा शेण थापेल."