काकडी खाऊ नका!

हेमांगीने वरची चकचकीत वांगी बाजूला सारली आणि थेट ढिगाच्या तळाशी हात घातला. बोईसरच्या बाजारात रविवारची ही गर्दी, मागून धक्क्यावर धक्के, आणि बाईसाहेबांचं आपलं निवांत खोदकाम चाललेलं!

"काय हरवलंय का?" भाजी विकणाऱ्या तरुणाने विचारलं.

"भोकं पडलेली वांगी आहेत का?"

तराजू हातातच राहिला त्याच्या. "ती आमी गायीला घालतो."

"मग तुमची गाय तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा सुखी आहे. जिथं अळी जगते ना, ती भाजी मला चालते. या गुळगुळीत मालावर काय काय मारलेलं असतं, देव जाणे!"

"माझ्या वाडीत काय मारत नाय," तो ठसक्यात म्हणाला. मग हळूच हसला... "डोळापन नाय."

आगाऊ कुठला! हेमांगीने रागाने बघायचं ठरवलं, पण मेलं हसूच फुटलं.

त्याचं नाव कुशल. दातिवऱ्याकडे त्याची घरची वाडी. आणि हेमांगी तारापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथं कोथिंबिरीची काडीसुद्धा चिरली जात नसे. लवकरच कँटीनची भाजी कुशलकडून येऊ लागली. आता भाजी उतरवून माणसाने निघावं की नाही? हा धुण्याच्या टाकीपाशी रेंगाळायचा.

"शिकवा की मलापन," एकदा तो म्हणाला.

"आधी स्वतःचे हात धुवा. मग भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून घ्यायची. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात पाव तास, आणि पुन्हा स्वच्छ पाणी. कोबीची वरची पानं सरळ काढून टाकायची."

"आनि साबन?"

"साबणाने माणसं धुतात, भाजी नाही. भाजीत मुरला तर पोटात जाईल तो."

"मग यानं सगळं निघतं?"

"माती, जंतू, वर बसलेलं औषध... बरंचसं जातं. आत मुरलेलं मात्र कशानेच निघत नाही."

"माझ्या भाजीला कशाला येवढा खटाटोप? माझ्यावर विश्वास नाय?"

"तुमच्यावर आहे," हेमांगी म्हणाली, "पण जंतूंना तुमचा स्वभाव कुठे माहीत आहे?"

तो अगदी मोकळा हसला. मेथीची जुडी सोडताना पाण्याखाली बोटांना बोटं लागली... हिने हात काढला नाही — त्यानेही नाही! पाव तासाची मेथी त्या दिवशी अर्धा तास भिजली. कँटीनमध्ये गालातल्या गालात हसले सगळेच.

कुशलने रीतसर मागणी घातली. आता सगळं अडलं होतं हेमांगीच्या बाबांवर. एकनाथरावांची उभी हयात केमिकलच्या कारखान्यात गेलेली. खोटं बोलणारा माणूस त्यांना एक क्षण खपत नसे, आणि एकदा 'नाही' म्हणाले की विषय संपला. "आधी घर बघू, वाडी बघू," एवढंच ते म्हणाले. हेमांगीला घास गोड लागेना.

आणि वाडीत पाऊल टाकताच तिच्या काळजात धस्स झालं. पानांवर एकही किडा नाही, अळी नाही! वांगी कशी, नवरदेवाच्या बुटासारखी चकाकत होती. म्हणजे... हा माझ्याशी खोटं बोलला?

कुशल खुर्च्या आणायला खोपीत गेला होता. त्याचे वडील कमलाकांत पाहुण्यांपुढे आले. वाडीत आलेल्या पाहुण्याने वेलावरची काकडी उभ्या उभ्या खायची, ही त्या घरची रीत. त्यांनी दोन कोवळ्या काकड्या तोडल्या, एक एकनाथरावांना दिली, एक हेमांगीला. "खावा, लोन्यावानी हाय!"

एकनाथरावांनी काकडी रुमालाने पुसली, तोंडाशी नेली—

"काका, खाऊ नका!"

खोपीतून कुशल धावत आला आणि त्याने होणाऱ्या सासऱ्यांच्या हातातली काकडी चक्क हिसकावली!

"अरे, काय हे?" एकनाथराव लालबुंद झाले.

"खोपीत फवाऱ्याचा पंप ओला हाय. औषधाचा वास येतोय." कुशलला धाप लागली होती. "बाबा, तुमी फवारलंत?"

कमलाकांतांची मान खाली गेली. "काल सकाळी... तू भाजी पोचवायला गेल्यावर शेजाऱ्याकडचा पंप आनला. पोरीकडची मानसं पयल्यांदा येनार, त्यांना काय किडका माल दावायचा? तुझं लग्न जमावं म्हनून रं..."

"जमलं नाय तरी चालंल मला!" कुशलचा आवाज फाटला. "पन हिच्या पोटात हे नाय जायचं."

हेमांगीने हातातली काकडी खाली ठेवली. हा खोटं बोलला नव्हता! स्वतःचं लग्न पणाला लावून, बापाची लाज झाकायचं सोडून, हा वेडा काकडी हिसकावत होता... तिच्यासाठी!

एकनाथरावांनी घसा खाकरला. "हेमांगी, तू तर रोज भाज्या धुतेस. धुऊन चालणार नाही का?"

"नाही, बाबा. कालचं औषध आहे, आतही मुरलं असेल. डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत तोडायचंच नाही काही."

"मग आता?"

"आता डाळ-भात खाऊ. भाजी नंतर येऊन बघू."

"नंतर..." कुशल अडखळला. "तुमी... परत येनार?"

बाबांच्या देखत हेमांगी त्याच्याकडे रोखून बघत राहिली. लाजायचं वगैरे ती साफ विसरली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही भाजी सावकाश पसंत करा. मला मुलगा आजच पसंत आहे."

एकनाथरावांनी लेकीकडे पाहिलं, मग कुशलकडे, आणि खोपीतली एक खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "कमलाकांत," ते म्हणाले, "आता व्याह्याला डाळ-भात तरी वाढा!"