तिसरी ओळ

मी थापा मारते, हे आमच्या वस्तीवरच्या शेरडांना सुद्धा म्हाईत हाय. बंकटच्या म्हशीला भूत लागल्याची गोष्ट माझीच. लांडग्याला ताक पाजल्याची बी माझीच.

पण ही माझी न्हाई.

माझी असती तर मला पुसता आली असती...

चौसाळ्यापासून कोसभर आत आमची धनगरवस्ती. गेल्या सालचा चैत म्हैना. आइतवार. आन् रात्र-बित्र न्हाई, भर दुपारचे बारा वाजलेले.

माझ्या लेकीचा पोरगा रविराज पुण्याहून आलता. गिटार वाजवतो. बोटात बाटलीचा कापलेला गळा घालतो आन् तारंवर घासतो. तार अशी इव्हळती, जशी अडलेली शेळी.

"ह्याला ब्लूज म्हणतात आज्जी," तो म्हणला. "कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. दुःखाचं."

"कापूस येचून दुःख व्हतं हे सांगायला पुण्याहून आलास व्हय?"

त्याचा मोबाईलवर एक कार्यक्रम असतो. दर आठवड्याला आपल्या आवडीचे गाणारे सांगतो. जुना एक, नवा एक. लोक ऐकतेत म्हणं, हजारानं. मला एकेक लावून दाखवू लागला. एक आंधळा म्हातारा, नव्वद वर्षांमागचा. एक तुरुंगातला. एक जाडी बाई. मंग आत्ताची एक पोरगी, केस निळे केलेली.

मी बी परीक्षा घेतली. "म्हातारा खरा. तुरुंगातला लबाड. निळ्या केसाची नटती, पण गळा हाय. आन् ह्या जाडीचा नवरा मेलाय."

"तुला कसं कळलं?"

"रडती कमी आन् श्वास जास्त घेती."

तो हसला. मंग गुपित सांगितल्यावानी म्हणला, "आज्जी, ह्यात एकच ओळ दोनदा म्हणतात. तिसरी वेगळी. पहिल्या दोन ओळी हाक मारतात, तिसरी उत्तर देते."

माझ्या अंगावर काटाच आला.

कारण आमच्या हेलाची रीत हीच हाय. मयताला बाया गळा काढून रडतेत, तो हेल. दोनदा हाक मारायची... उठा, घरला चला. आन् तिसऱ्या ओळीला वाटे लावायचं... जावा आता, मागं बघू नका. तिसरी ओळ म्हणल्याबिगर कोणी बाई तोंड मिटत न्हाई. मधी खोकला आला तरी खोकून म्हणती.

तवा मला गप बसायला पायजे व्हतं.

पण मला शायनिंग मारायची व्हती.

"तुझे सगळे गाणारे एकीकडं," मी म्हणलं, "आन् आमची मनकर्णा एकीकडं."

मनकर्णा माझ्या समोरच्या घरातली. अंगण तेवढं मधी. चार गावचे लोक मयताला तिला गाडी पाठवतेत, असा तिचा हेल. एकटीच ऱ्हाती. सोळा शेरडं. दुपारी दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसून पान खाती आन् लहान पोरीवानी पाय हलवती.

ती बाज तिच्या नवऱ्याची. म्हाळू जित्ता व्हता तवर तिला बाजेवर टेकू बी दिलं न्हाई त्यानं. बावीस वर्स भुईवर. तांब्या भरायला उशीर झाला की काठी. शेरडू लंगडलं की काठी. काठीच्या बुडाला लोखंडी कडं व्हतं. तो रानातून आला की लांबूनच ऐकू यायचं...

ठण्.

ठण्.

मनकर्णाचा डावा हात सुजलेला दिसला की आमी इचारायचो. ती म्हणायची, "पडले गं आक्का."

आमी "बरं" म्हणायचो. सगळी वस्ती "बरं" म्हणायची. मी बी.

त्या चैताच्या सात वर्सं आधी त्याला रानात साप चावला. मनकर्णानं असा हेल काढला की झाडावरची पाखरं उडाली. पण मी तिच्या शेजारी बसलते. डोळे ठणठणीत कोरडे व्हते. तिसरी ओळ तिनं इतकी ठासून म्हणली, जशी दाराला कडी घालावी.

तिसऱ्या म्हैन्यात ती बाजेवर बसली. सहाव्या म्हैन्यात तिला हसू आलं.

रविराज तिच्याकडं गेला. "मावशी, एकदा म्हणा ना. माझ्या आवडत्या गाणाऱ्यांमध्ये तुमचं नाव पहिलं सांगतो."

"मयत नसताना हेल काढत न्हाईत लेकरा. आन् कोणाच्या नावानं काढू?"

"तुमच्या स्वतःच्या माणसाच्या. दुसऱ्याचं दुःख उसनं घेतलं की कळतं ऐकणाऱ्याला."

मनकर्णाचं पान चावायचं थांबलं.

"त्यांचा नको," ती म्हणली.

मी मधी पडले. मला लई मजा वाटू लागली व्हती. "कावून नको? सात वर्स झाले. मसणातून उठून तुझ्या पाठीत काठी घालतोय व्हय आता?"

वस्तीवरच्या दोघी-चौघी जमल्या व्हत्या. सगळ्या हसल्या.

मनकर्णा एकटी हसली न्हाई. रविराजला म्हणली, "तिन्ही ओळी ठिवशील? एक बी तोडायची न्हाई."

"शप्पथ, मावशी." त्यानं मोबाईल आवाज भरायला लावला.

तिनं पदर डोक्यावर घेतला. बाजेवरून उतरली. हेल भुईवर बसूनच काढतेत.

"उठा वो धनीऽऽ, घरला चलाऽऽ..."

"उठा वो धनीऽऽ, घरला चलाऽऽ..."

"जावा आता धनीऽऽ, मागं बघू नका..."

रविराजच्या डोळ्यांतून पाणी. दोघी-चौघी डोळ्याला पदर लावत घरला गेल्या. मनकर्णा चहा ठिवायला आत गेली.

तोवर सगळं ठीक व्हतं.

मंग त्यानं पिशवीतून एक बारका भोंगा आन् त्याला जोडलेला एक लोखंडाचा डबा काढला. पायानं दाबायचा. एकदा दाबला की आत भरलेला आवाज पुन्ना पुन्ना म्हणत ऱ्हातो, आन् आपण वरून गिटार वाजवायची. त्यांच्या धंद्यातली रीतच ती.

त्याला तिसरी ओळ मोठी वाटली. ती तालात बसंना.

त्यानं तोडली.

"उठा वो धनीऽऽ, घरला चलाऽऽ..."

"उठा वो धनीऽऽ, घरला चलाऽऽ..."

"उठा वो धनीऽऽ..."

आत कपबशी फुटली.

मनकर्णा दारात आली. तोंड चुन्यावानी पांढरं. "बंद कर! तिसरी कुठाय? आरं तिसरी कुठाय?"

रविराजनं डोळे मिटलेले, कानाला झाकणं लावलेली. मनकर्णा त्याच्याकडं धावली.

मी तिचा हात धरला.

हो. मीच धरला. "थांब गं मने, ऐकू दे," म्हणलं आन् हसले.

ती सोडवून घेऊ लागली. मी घट्ट धरला. डावा हात व्हता.

डब्यातून किती हाका गेल्या, मी मोजल्या न्हाईत. ईस तरी असतील...

आन् मंग शेरडांनी रवंथ थांबवला.

सोळाच्या सोळा. एकाच टायमाला. गळ्यातल्या घंट्या गप. लिंबाचं पान हालंना. सगळ्यांनी माना वळवल्या, मसणवाट्याच्या वाटंकडं.

रविराजनं पुन्ना पाय दाबला. डबा गप झाला.

लांबून...

ठण्.

वाट मोकळी व्हती. उनाची झळ सोडून काहीच न्हाई.

ठण्.

जरा जवळ.

मनकर्णानं माझ्या हातातून हात सोडवला न्हाई. तो आपोआप ढिला पडला.

बाजेची सुंभं करकरली. बाज रिकामी व्हती... पण मधोमध खाली गेली. एका माणसाएवढी.

मनकर्णा आत गेली. तांब्या भरून आणला. बाजेपाशी ठिवला. पदर नाकापत्तुर ओढला आन् भुईवर बसली.

"मने," मी म्हणलं, "तिसरी म्हण. आत्ता म्हण!"

तिनं तोंड उघडलं.

नुसती हवा आली.

रविराजनं मोबाईल काढला, अख्खं रेकॉर्डिंग लावलं. दोन हाका स्वच्छ वाजल्या. तिसरीच्या जागी काहीच नव्हतं... फकस्त कोणीतरी जोरात श्वास घेतंय, असा आवाज. बाईचा न्हाई.

"फाईल खराब झाली," तो म्हणला. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनकर्णाला शेण भरताना बघितलं.

सात वर्सांची रांडमुंड बाई ती.

तिच्या कपाळाला कुंकू व्हतं.

डावा हात सुजून मनगटापाशी काळा पडलेला.

"काय झालं गं?"

"पडले गं आक्का."

आन् मी... मी "बरं" म्हणलं.

तिचा हेल तवापासून बसला. मयताला तिला आता कोणी बोलवत न्हाई. बाजेवर कोणी दिसत न्हाई, पण सुंभं दर म्हैन्याला ताणावी लागतेत. पान बी सुटलं तिचं. तांब्या मात्र कधी रिकामा दिसत न्हाई.

रविराजनं ते गाणं कार्यक्रमात लावलंच. "माझी सर्वात आवडती गायिका," म्हणला. तिसरी ओळ न्हाईच त्यात. लोकांना लई आवडलं. मी फोनवर पाया पडले त्याच्या, काढ म्हणून.

"आज्जी, तू आणि तुझ्या थापा!"

भ्यालेला व्हता, तरी म्हणला. पुढं काढलं त्यानं. पण तवर ज्यानं त्यानं उतरवून घेतलं व्हतं. कुठं कुठं कोण कोण ऐकत असंल, देवाला ठावं. कोणी एकदा लावलं की दोन हाका. समोर सुंभं करकरली की मला वाटतं, लावलं कोणीतरी...

हे सगळं मी आजवर कोणाला सांगितलं न्हाई. आज सांगायला कारण झालं.

चार दिवसांमागं मनकर्णा माझ्या दारात आली. भर दुपारी. उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई.

"आक्का," बसलेल्या गळ्यानं म्हणली, "ते इचारतेत."

"काय?"

"त्यांच्या नावानं हेल काढायला कोणी लावलं, म्हणून."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. "तू काय सांगितलं मने?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ. मंग माझ्या हाताकडं बघितलं, ज्यानं मी तिला धरलं व्हतं.

आन् गेली.

आज दुपारी बारा वाजल्यापासून माझ्या दावणीची शेरडं रवंथ करीनात. माना माझ्या दाराकडं वळवून उभी हायत.

तिसरी ओळ मला तोंडपाठ हाय. मघाधरनं म्हणतीय. पण ज्या गळ्यानं हाक मारली, त्याच गळ्यानं म्हणावी लागती. माझ्या तोंडून नुसते शब्द पडतेत.

मनकर्णाला हाक मारावी म्हणून मी दाराच्या फटीतून बघितलं.

ती समोर लिंबाखाली व्हती. कपाळ कोरं. पान खात व्हती.

बाजेवर बसून... पाय हलवत.

आन् माझ्या उंबऱ्यावर...

ठण्.